सोलापूरच्या वाटेवरची शाळा

हैदराबादेत गच्चीवर भाजी लावायची ठरली, की काचीगुड्याकडचा आपला मराठी माणूस आधी मोबाइलवर व्हिडिओ पाहतो आणि मग महागड्या कुंड्या आणतो. शिकायला जागा नाहीत, असं मात्र नाही. राजेंद्रनगरला कृषी विद्यापीठ आहे, भरडधान्यांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. 2017 साली पर्माकल्चर या शाश्वत शेतीपद्धतीची आंतरराष्ट्रीय परिषदही याच शहरात भरली होती. पण मला विचाराल तर खरी शाळा शंभरेक किलोमीटरवर, झहिराबाद परिसरात आहे. सोलापूरला जाताना आपण झोपेत ओलांडतो, तेच हे गाव. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या संघमांतल्या, म्हणजे गावोगावच्या महिला गटांतल्या बाया, बहुतेक दलित, अनेकजणी अक्षरओळखही नसलेल्या, एकाच कोरडवाहू तुकड्यात ज्वारी, राळा, तूर, मूग असं सगळं मिसळून पेरतात. पावसानं दडी मारली तरी काहीतरी हाती लागतं, आणि कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र पुरवतात. बियाणं राख नि कडुलिंबाचा पाला घालून टोपल्यांत राखायचं. उसनं नेलं तर वाढवून परत करायचं. 2008 पासून माचनूर गावातून त्या स्वतःचा रेडिओही चालवतात. 2019 मध्ये त्यांच्या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं (पदवीधरांनी जरा दमानं घ्यावं!). त्यांची बियाण्यांची जत्रा संक्रांतीच्या सुमारास निघते आणि सजवलेल्या बैलगाड्या महिनाभर गावोगाव फिरतात. तेव्हा सोलापूरकडे निघालात तर गाडी झहिराबादला थांबवा, आणि तुरीशेजारी काय लावायचं ते या बायांनाच विचारा.