जॅक बदलण्याआधी काडी फिरवा

जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगतच्या कोनसारख्या गावात रिक्षावाला असो वा किराणा दुकानदार, मोबाईल बंद पडला की त्याची कमाई अडते. वायर हलवली तरच फोन चार्ज होतो, ही तक्रार आता रोजचीच आहे. अशा वेळी काही कारागीर गिऱ्हाइकाला थेट नवा जॅक बसवायला सांगतात. आमच्या मते ही घाई धंद्याला मारक आहे.

पुष्कळदा दोष खिशातल्या कचऱ्याचा असतो. तो दाबून तळाशी बसतो आणि पिन पूर्ण आत शिरत नाही. म्हणून आधी दुसरी वायर लावून पाहावी. मग फोन बंद करून लाकडी काडीने कचरा हलकेच काढावा. टाइप-सी जॅकमधली जीभ नाजूक असते, तिथे सुई घालू नये. एवढे करूनही पिन सैल राहिली तरच जॅक बदलावा आणि काढलेला जॅक गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा.

२०२३ साली आयफोननेही टाइप-सी स्वीकारला. आता एकच कसब बहुतेक नव्या फोनांना चालते. साफसफाईचे पैसे थोडेच मिळतील. पण तेच गिऱ्हाईक उद्या शेजाऱ्याला घेऊन येईल. बंधूंनो, धंद्याची खरी बरकत त्यातच आहे.