गाडी आडवी झाली तर…

मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यात आमच्या ह्यांची मोटारसायकल वळणावर घसरली. गुडघा खरचटला, तेवढ्यावर निभावलं. पण सकाळी केर काढताना पाहते तो फरशीवर तेलाचं थारोळं! इंजिनाच्या झाकणाला केसाएवढी चीर गेली होती. हे निघायच्या घाईत. मी किल्ली दिलीच नाही.

हे झाकण ॲल्युमिनियमचं, ओतीव. आपटलं की फारसं न वाकता तडकतं. ऑइल गळून गेलं तर इंजिन जाम होतं आणि तेच मागच्या चाकावर आलं तर गाडी पुन्हा घसरते. म्हणून गाडी पडली की इंजिनाखाली जुना पुठ्ठा सरकवावा आणि तासाभरानं पाहावा. ताजा डाग दिसला तर गाडी चालू न करता ढकलत न्यावी.

बारीक चीर असेल तर मेकॅनिक ऑइल काढून, जागा पुसून, पॉलिश पेपरनं घासून इपॉक्सी भरतो. ते वाळायला पुरता दिवस द्यावा. भांड्यांचा साधा डाख ॲल्युमिनियमवर धरत नाही. मोठ्या तड्याला आर्गन वेल्डिंग, नाहीतर नवं झाकणच हवं. झाकण उघडलं की गॅस्केट नवं घालायला सांगावं. ऑइलची पातळी आपल्यासमोर तपासून घ्यावी.

साडीगार्ड आपण हट्टानं बसवून घेतो ना? मग दणकट लेगगार्डसाठीही तेवढाच हट्ट धरा. गाडी पडली तर पहिला दणका तो सोसतो.

त्या दिवशी हे फुरंगटून बसनं गेले. जाईनात! संध्याकाळी धडधाकट घरी आले, हे महत्त्वाचं.