आधी शाळेचं दार दाखवा

दोस्तहो, अभ्यासवर्गात पोरांच्या हाती प्रीमो लेवीचं छळछावणीचं आत्मकथन द्याल, तेव्हा गॅस चेंबरपासून सुरू करू नका. शाळेपासून करा. १९३८ साली इटलीने कायदा केला अन् ज्यू पोरं सरकारी शाळांतून हाकलली. १९४४ साली इटलीचाच हा ज्यू रसायनतज्ज्ञ आउशवित्झमध्ये. शाळेचं दार ते छावणीचं दार : सहा वर्षं. तिथं हातावर गोंदलं : १७४५१७. नाव खलास.

गोदीत नंबर मलाही आहे. पण पाळी सुटली की बिल्ला खिशात टाकून मी माझ्या नावाने घरी येतो. त्याचा नंबर कातडीत होता. हा फरक पोरांना सांगा. ‘आपलंही असंच’ म्हणत त्याचं दुःख लाटू नका.

मग विचारा : ती पोरं हाकलली, तेव्हा शेजारच्या बाकावरची काय करत होती?