अर्थावाचून कवच

आम्ही आयुष्यभर मराठी शिकविले. शब्द आणि अर्थ यांचे नाते फळ्यावर समजावून सांगता सांगता केस पांढरे झाले. पण आमच्या राहत्या घरातच एके ठिकाणी अर्थ नव्हता, आणि ही उणीव सौभाग्यवतींच्या बोटांना झिणझिण्या आल्या तेव्हा आमच्या ध्यानात आली. वाचकांपुढे हे कबूल करताना संकोच वाटतो. परंतु अशीच उणीव आणखी पुष्कळ घरांत असेल, म्हणून लिहीत आहोत.

घडले ते असे. शाहपूरचे आमचे घर जुने. खालच्या भिंती हातभर जाडीच्या. वरची खोली मागाहून आम्हीच बांधून घेतलेली. चिरंजीव पुण्याच्या एका कंपनीचे काम त्या खोलीत बसून करतात. पूर्वी मुले नोकरीसाठी गाव सोडीत, आता नोकरीच तारेवरून गावात येते, याचे आम्हां उभयतांस समाधान आहे. मात्र खालच्या राउटरच्या बिनतारी लहरी त्या जाड भिंतींतून वर पोहोचेनात. म्हणून खालून वरपर्यंत केबल टाकण्याचे ठरले. बऱ्हाणपुराहून चिरंजिवांनी साध्या केबलऐवजी कवचाची केबल आणली. आत पिळलेल्या तारांच्या चार जोड्या, त्यांवर चकचकीत वर्ख, वर्खावर बारीक तारांची जाळी आणि दोन्ही टोकांना धातूच्या पिना. बाहेरच्या विजेचा हिच्यावर परिणाम होत नाही, असे दुकानदाराने सांगितले होते. किंमत अर्थातच अधिक.

आठवडाभराने ओल्या फडक्याने धूळ पुसताना सौभाग्यवतींचा हात खालच्या नेटवर्क स्विचच्या लोखंडी पेटीला लागला आणि त्यांनी तो झटकन मागे घेतला. "अहो, हिच्यात करंट येतोय!" आम्ही टेस्टर लावला, त्याचा इवलासा दिवा पेटला. आम्ही शहाणपणाने पेटीचा प्लग काढून टाकला. दिवा तरीही पेटलेलाच! जिला वीजच दिलेली नाही, त्या पेटीत वीज आली कोठून?

वायरमनला बोलाविले. तो आमचाच जुना विद्यार्थी. त्याने वरून आलेली केबल पेटीतून काढली आणि टेस्टर विझला. "गुरुजी, दोष खाली नाही, वर आहे," तो म्हणाला. वर जाऊन त्याने मेन स्विच बंद करविला आणि संगणकाचा बोर्ड उघडला. तीन पिनी सॉकेटच्या दोन भोकांमागे तारा होत्या. वरच्या मोठ्या भोकामागे काहीच नव्हते. त्याने आमच्याकडे पाहिले, पण तो बोलला नाही. खोली बांधताना 'दोन तारांवर दिवे-पंखे चालतात, मग तिसरी कशाला?' असे म्हणून हिरव्या तारेचे पैसे वाचविणारे गृहस्थ आम्हीच होतो.

त्या तिसऱ्या तारेला आपल्याकडे सारे 'अर्थ' म्हणतात. शब्द इंग्रजी असला तरी मराठी कानाला तो खोटा वाटू नये. संगणकाला वीज पुरविणाऱ्या भागात, विजेतील खरखर गाळून काढण्यासाठी, लहान कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून संगणकाच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत जोडलेले असतात. सांगाडा अर्थला जोडलेला असला, की हा गाळ निमूटपणे जमिनीत जातो. तो जोडलेला नसला, की सांगाडा अधांतरी राहतो आणि २३० व्होल्टच्या जवळजवळ निम्मा दाब त्यावर चढतो. प्रवाह फार थोडा, म्हणून झिणझिण्यांवर निभावते. परंतु उद्या आतील वेष्टन फाटून फेजची तार सांगाड्याला टेकली तर? तेव्हा विजेला जमिनीकडे जाण्याची वाट उरते ती हात लावणाऱ्याच्या देहातून.

आणि ते महागडे कवच? संगणकाला धातूची पिन, पिनेला जाळी, जाळीला खालची पेटी, अशी साखळी तयार झाली आणि रक्षणासाठी आणलेल्या कवचाने वरच्या मजल्यावरचा दोष खाली सौभाग्यवतींच्या हातापर्यंत पोहोचविला. साध्या केबलने हे केले नसते. तिला जाळी नसते, आणि संदेश वाहणाऱ्या तारा दोन्ही टोकांना चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरने यंत्रापासून विलग केलेल्या असतात. कवचाचे काम बाहेरची खरखर अंगावर घेण्याचे. पण घेतलेले कोठेतरी सोडावयास हवे, आणि ते सोडण्याची जागा म्हणजे जमीन. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चटकन उमगेल. सतराव्या शतकाच्या आरंभी, अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात झालेल्या त्या योजनेत एकेक कुंडी जमिनीखालच्या वाटेने पुढच्या कुंडीशी जोडलेली आहे. वरून दिसते ती कुंडी. काम करते ती न दिसणारी वाट.

आता अर्थ द्यावयाचा तो कसा? आम्ही उत्साहाने म्हणालो, "खोलीच्या मागे एक सळई ठोकू आणि जाळी तिला बांधून टाकू." विद्यार्थ्याने गुरूला थांबविले, आणि त्याचे बरोबर होते. जमीन विजेची वाट होऊ शकते हे जर्मनीत श्टाइनहाइल यांनी १८३८ सालीच तारायंत्रावर दाखविले होते. परतीची तार काढून त्यांनी जमिनीलाच तिचे काम दिले. तरीही जमिनीचा प्रत्येक ठिकाणचा विद्युत्‌दाब सदैव सारखा नसतो. जवळपास वीज कोसळली तर दोन सुट्या सळयांमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि तो भरून काढण्यासाठी प्रवाह धावतो तो त्यांना जोडणाऱ्या जाळीतून, यंत्रांची राख करीत. म्हणून एका घराचा अर्थ एकच असावा. सळया अनेक असल्या तरी त्या जाड तारेने एकमेकींशी जोडलेल्या असाव्यात. जाळीलाही वेगळी तार नको. ज्या यंत्रात तिची पिन बसते, त्याच्या तीन पिनी प्लगमधूनच तिला घराचा अर्थ मिळावा.

दुसरी एक पळवाट काही कारागीर सुचवितात. न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या भोकात जोडून देतात. टेस्टर विझतो आणि घरमालक खूश होतो. परंतु मागे कोठे न्यूट्रल तुटला, की त्याच तुकड्यातून पुरता दाब यंत्राच्या सांगाड्यावर येतो. वाचकांनी हा उपाय कदापि करू देऊ नये.

आमच्याकडे मग मुख्य बोर्डापासून वरपर्यंत हिरवी तार ओढली. अंगणातील अर्थचा खड्डाही तपासला. तापीकाठच्या काळ्या जमिनीचा स्वभाव केळी पिकविणाऱ्यांना सांगावयास नको. ओली असताना ती विजेला उत्तम वाट देते. वैशाखात भेगाळली की खड्ड्यातील नळीपासून सुटते आणि तीच जमीन कंजूष होते. म्हणून त्या नळीभोवती कोळसा आणि मीठ भरतात व उन्हाळ्यात पाणी घालतात. मीठ कालांतराने लोखंड खाते, तेव्हा वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्यात, खड्ड्याचा रोध यंत्राने मोजून घ्यावा. शिवाय ३० मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बोर्डात बसवून घेतला. कारण अर्थ असला तरी जमिनीतून फ्यूज उडण्याइतका प्रवाह प्रत्येक वेळी वाहतोच असे नाही.

एवढे झाल्यावर वायरमन म्हणाला, "खरे सांगू, गुरुजी? घरात ही कवचाची केबल लागतच नव्हती." हेही खरेच. तारांची जोडी पिळण्याची युक्ती टेलिफोनवाल्या बेल यांनी १८८१ सालीच पेटंट केलेली. बाहेरची खरखर पिळलेल्या दोन्ही तारांवर सारखीच पडते आणि यंत्र केवळ त्या दोहोंतील फरक वाचते, म्हणून ती आपोआप वजा होते. विजेच्या तारांपासून वीतभर दूर ठेवली, तर सामान्य घराला साधी पिळाची केबल पुरते. यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा मोठ्या मोटारींजवळ कवच घ्यावे, पण अर्थ पाहून. दोन वेगळ्या इमारती जोडावयाच्या असतील, तर धातू नसलेली काचतंतूची केबल घ्यावी. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत प्रार्थनेपूर्वी आम्ही मुलांच्या पाण्याच्या कूलरपाशी गेलो आणि वायरमनकडून तिथला सॉकेट उघडून घेतला. हिरवी तार होती. आम्ही सुटकेचा श्वास टाकला आणि दर वर्षी चैत्रात ती तपासण्याची नोंद वहीत केली. वाचकांनीही हे पान मिटल्यावर आपल्या घरचे फ्रीज, गीझर, धुलाईयंत्र आणि संगणक यांचे सॉकेट जाणत्या माणसाकडून एकदा उघडून घ्यावेत, अशी आमची विनंती आहे. तिसऱ्या तारेत आम्ही वाचविलेले पैसे किती होते, ते आता आठवतही नाही. सौभाग्यवतींनी मागे घेतलेला हात मात्र विसरता येत नाही.