नाशिकचा हिरा आणि आपली रद्दी

मोशीहून चाकणला जाताना ट्रॅफिकमध्ये अडकलात की समोर 'नाशिक' लिहिलेली पाटी दिसते. याच नावाचा एक जगप्रसिद्ध हिरा आहे, माहितीये?

तो त्र्यंबकेश्वरच्या मंदिरात होता, असं सांगतात. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हिरा ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती लागला. लंडनच्या जवाहिऱ्यांनी त्याला नव्याने पैलू पाडले. मग तो एका इंग्रज उमरावाच्या तलवारीच्या मुठीत बसला. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो पुन्हा कापला. १९७० च्या लिलावात पाच लाख डॉलर मोजून तो कुणी घेतला? ट्रक वाहतुकीच्या धंद्यातल्या एका अमेरिकन माणसाने! चाकणकरांना हे वाचून हसू येईल. पुढे तो लेबनॉनमधल्या एका खासगी संग्रहालयात पोचला.

'आपला हिरा परत आणा' ही मागणी मला पटते. पण परत येणार काय? इथून गेला तेव्हा तो सुमारे ९० कॅरटचा होता, आज जेमतेम ४३ कॅरटचा आहे. आपल्याकडचे कारागीर दगडाचं वजन राखायचे, तिकडे जास्त चमक हवी होती. जुनी घडण 'आउटडेटेड' ठरली आणि निम्म्याहून जास्त हिरा कायमचा गेला. नेलेलं परत मागता येतं हो, कापून टाकलेलं कुणाकडे मागणार?

आता जरा स्वतःकडे बघू. आमच्या घरी जुना वाडा पाडला तेव्हा पणजोबांच्या ट्रंकेतले मोडी कागद रद्दीत गेले आणि तांब्याचा हंडा किलोच्या भावाने भंगारात. कुणाला वाईटसुद्धा वाटलं नाही, मलाही नाही. कारण तेच, 'जुनं झालंय'. इथल्या कंपन्यांत साध्या सुट्या भागालाही बॅच नंबर असतो, तो कधी बनला हे शोधता येतं. आपल्या घरातल्या वस्तूंची एवढीही नोंद नसते.

म्हणून एवढंच करा. यंदा दिवाळीची साफसफाई निघाली की भंगारवाल्याला हाक मारण्याआधी आजीला विचारा, हे कुणाचं, कधीचं? फोटो काढा, दोन ओळी लिहून ठेवा. मोडी कागद सापडला तर वाचणारा शोधा.

नाशिकचा हिरा परत आणणं आपल्या हातात नाही. ट्रंक आपल्याच घरात आहे.