आईला कळतं हो, ऐकतं कोण?

परवा आमच्या द्रोणागिरीत शेजारच्या इमारतीतली एक तरुण आई दवाखान्यातून डोळे पुसत आली. दहा महिन्यांचं लेकरू, न्यूमोनिया. वर डॉक्टरांचं बोलणं, "इतके दिवस काय करत होतात?" झालं! संध्याकाळी आम्हा म्हाताऱ्यांच्या कट्ट्यावर एकमताने निकाल लागला, हल्लीच्या आयांना काही कळत नाही.

मला हे मुळीच मान्य नाही. दोन दिवस आधी हीच मुलगी जिन्यात मला म्हणाली होती, "काका, याचं पोट उडतंय बघा." आणि मी काय सांगितलं? "सर्दी आहे गं, ओव्याने शेक." आयुष्यभर मास्तरकी केली, पण समोरून बरोबर उत्तर आलं तेव्हा फुली मीच मारली!

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी याच्या उलट केलं. आईबापांना आजाराची लक्षणं समजावली. गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना श्वास मोजायला शिकवून औषध हाती दिलं. निष्कर्ष 1990 साली 'लॅन्सेट'मध्ये आले. उपचार मिळालेल्या मुलांत मृत्यू 0.8 टक्के, जिथे ही सोय नव्हती तिथे 13.5 टक्के!

कोणी म्हणेल, मेळघाटात तापल्या विळ्याचे चटके देतात, ते काय शहाणपण? नाहीच. ती क्रूर चूक आहे. पण बाळाला काहीतरी गंभीर झालंय, हे तिथेही घरच्यांना कळलेलं असतं. चुकतो तो उपाय.

आणि आमच्याकडे? नवरा कामावर, पैसे त्याच्याकडे, सासू म्हणते उद्या बघू. उशीर आईचा की घराचा?

म्हणून धडा आजी-आजोबांनी आणि बापांनी गिरवावा. बाळ शांत असताना सदरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40. तेवढे किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी डॉक्टर. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, बाळ दूध पीत नसेल, तर मोजतही बसू नका, तडक इस्पितळ गाठा.

ते लेकरू आता बरं आहे. मी त्याच्या आईची माफी मागितली. ती नुसती हसली. कट्ट्यावर मात अजून कोणी निकाल बदललेला नाही...