प्लेग, लस आणि रकाना

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा, म्हणजे एनआयएचचा, उगम 1887 साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर, नाविकांच्या रुग्णालयातील एका खोलीत झाला. जोसेफ किनयून या तरुण डॉक्टरांनी तेथे सूक्ष्मदर्शकाखाली पटकीचे जंतू ओळखून दाखवले. संस्थेची ओळख करून देणारे लेख येथून सहसा थेट नोबेल पारितोषिकांकडे वळतात. आम्हांस मात्र 1900 सालापाशी थांबणे अगत्याचे वाटते.

त्या वर्षी मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये एक मृतदेह आढळला. एव्हाना तेथे बदली झालेल्या किनयून यांनी प्लेगचे निदान केले आणि ते अचूक होते. व्यापार बुडेल या धास्तीने गव्हर्नर हेन्री गेज ते नाकारत राहिले. शहराने वस्तीभोवती दोर बांधले तेव्हा गोऱ्यांना बाहेर पडू दिले, चिनी तेवढे आत कोंडले. मे महिन्यात फर्मान निघाले : हाफकिन यांची लस टोचून घेतल्यावाचून चिनी व जपानी माणसाने शहर सोडू नये.

ही लस आपल्या मुंबईची. जानेवारी 1897 मध्ये हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, 10 मार्चला, सावित्रीमाई प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले होते.

न्यायाधीश मॉरो यांनी ते फर्मान रोखले. लस वाईट होती म्हणून नव्हे, ती केवळ आशियाईंवर लादली म्हणून. आधार होता अमेरिकी घटनेच्या 14व्या दुरुस्तीचा. (आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 14 मधील 'कायद्यांचे समान संरक्षण' ही शब्दयोजनाही त्याच दुरुस्तीतली.)

संशोधनातून वगळले जाणे हा याच अन्यायाचा दुसरा प्रकार. एनआयएचच्या निधीवरील वैद्यकीय चाचण्यांत स्त्रिया व अल्पसंख्याकांचा समावेश बंधनकारक करणारा कायदा 1993 साली झाला. आपली नोंद तेथे 'एशियन' या रकान्यात होते. जातीला रकाना नाही. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांचे अर्धपोटी जगणे शरीरात काय ठेवून गेले, हा प्रश्नच त्या नोंदींतून विचारता येत नाही. माहितीसाठ्यांवर पोट भरणाऱ्या आम्हा मंडळींना हे नवे नाही : जे नोंदलेच नाही, ते यंत्र शोधणार कुठून?

दहा लाख लोकांची आरोग्यविषयक माहिती गोळा करण्याचा संस्थेचा 'ऑल ऑफ अस' हा उपक्रम 2018 साली देशभर खुला झाला. अशा अभ्यासाचे निमंत्रण आल्यास आपल्या कुटुंबांनी सहभागी व्हावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र संमतिपत्र आधी घरात मराठीतून वाचून घ्यावे. जातीविषयी का विचारत नाही, हेही संशोधकांना लेखी विचारावे.